डाग काचेत नव्हता

१

रविवारी सकाळी रायफल जुळवायची, हा माझा पंधरा वर्षांचा नेम. वाडीच्या मागच्या पडीक जागेत शंभर पावलांवर एक खुंट आहे. त्यावर सोललेला नारळ ठेवायचा, पोत्यावर रायफल टेकवायची आणि तीन गोळ्या झाडायच्या. वारा कुठला, गोळी कुठे लागली, किती बोटे सरकली, ते वहीत लिहायचे. मला शाळेने काही शिकवले नाही. मी अक्षरे वाडीतल्या माल पोचवणाऱ्या हुंडेकऱ्याच्या पाट्या वाचून शिकलो आणि सन १९१९ पासून एकही रविवार कोरा ठेवलेला नाही.

रायफल माझी नाही. परवाना आणि रायफल शिवदासपंतांची. दिवेआगरात त्यांची सुपारीची मोठी बाग आहे. डोंगरातली डुकरे बागेत उतरतात, एका रात्रीत कोवळी रोपे मुळासकट उलथून टाकतात आणि खालची भातखाचरेही नासवतात. म्हणून थंडीत पंधरवड्याला, कधी महिन्याला डोंगरात हाका घालायचा. गावातली नऊ माणसे ओरडत, डबे बडवत डुकरे घळीकडे हाकलतात आणि घळीच्या तोंडासमोर मी बसतो. डुक्कर घळीबाहेर पडले की पहिल्या गोळीत पडले पाहिजे. जखमी डुक्कर मागे वळते, आणि मागे माणसे असतात.

यंदा माझे वय सत्तेचाळीस. गेल्या वर्षापासून नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी मला पुसट दिसू लागली. लांबचे अजून स्वच्छ दिसते, हाताच्या अंतरावरचे सगळे लोकरीसारखे. मी शिवदासपंतांना स्पष्ट सांगितले, "भाऊ, रायफलीवर दुर्बीण बसवा. नाहीतर दुसरा माणूस बघा."

मुंबईच्या दुकानाचे यादीपुस्तक मी त्यांच्यापुढे उघडून ठेवले. त्यात दोन दुर्बिणी होत्या. एक जर्मन, तिला अंतराप्रमाणे फिरवायचे कडे होते. दुसरी कुठली ते लिहिलेलेच नव्हते, आणि किंमत पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्यात. मी पहिलीवर बोट ठेवले.

"डुकराला मारायचंय की त्याचा फोटो काढायचाय?" शिवदासपंत म्हणाले. ओसरीवरची चार माणसे हसली.

"हाक्यात नऊ माणसं असतात, भाऊ."

"दोन्ही काचाच ना रे, धर्माजी? काचेतून दिसतं, झालं."

झाले. दुसरी आली.

२

तिची नळी हातात घेतली तेव्हाच कळले. स्क्रूचे आटे सैल, काळा रंग नखाने निघणारा. काचेतून पाहिले तर मधले एवढे बरे, कडेला सगळे ताकासारखे. आणि आतल्या नेमाच्या फुलीच्या जरा डावीकडे, खाली, एक डाग. उभा, राखेच्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याएवढा.

मी मलमलीच्या फडक्याने काच पुसली. दोन्ही टोकांच्या काचा काढून धुतल्या. डाग जाईना. मी फडके भिंतीवर फेकले. पंधरा वर्षे मी या माणसाची बाग राखली आणि त्याने मला डागाळलेली काच दिली.

मग मी एक प्रयोग केला. डाग काचेत असेल तर नळी फिरवल्यावर तो फिरला पाहिजे. मी नळी पाव फेरा फिरवली. फुली तिरकी झाली. डाग उभाच राहिला.

मी वहीत लिहिले : "नळी फिरवली. फुली फिरली. डाग फिरला नाही. कारण समजत नाही."

दुसरा प्रयोग. दुर्बीण समुद्राकडे वळवली. मुरुडकडून येणारी दोन शिडे दिसली. डाग नव्हता. सुपारीच्या शेंड्यांकडे वळवली. नव्हता. घळीकडे वळवली आणि तो आपल्या जागी आला.

ऊन, सावली, एखादे जळके खोड, जे सुचले ते सगळे लिहिले. घळीत जाऊन बघून आलो. खोड नव्हते. शेवटी स्वस्त काचेत असे काहीतरी होत असेल असे स्वतःला समजावले. पुढच्या चार हाक्यांत मी त्या डागातून चार डुकरे पाडली. फुली डुकराच्या फऱ्यावर, पुढच्या खांद्यावर ठेवली की डाग बरोबर तिच्यात यायचा, जणू कुणीतरी मधे उभे आहे. मी घोडा दाबायचो. डुक्कर पडायचे. डाग तसाच.

हाक्याची एक रीत सांगायला हवी. डोंगरात शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत आम्ही कुणी कुणाचे नाव घेत नाही. घेतलेले नाव डोंगर ऐकतो म्हणतात. आत सगळेच पावणे. "पावण्या, डावीकडे ये," "पावण्या, डबा वाजीव." कोण कोणाला बोलला ते आवाजावरून ओळखायचे.

माझ्या धाकट्या बहिणीचा, केसरचा, नवरा सदा हाक्यात मधल्या रांगेत असायचा. त्याचे तोंड कधी बंद नसे.

"धर्मादादा," तो डोंगराबाहेर आल्यावर म्हणायचा, "तुमची दुर्बीण दावा की. आमच्या घरातनं केसर कुनाशी भांडते ते दिसंल काय?"

"दाजी, ते दुर्बिणीशिवाय सगळ्या गावाला दिसतं," मी म्हणायचो. तो पोटावर हात ठेवून हसायचा.

३

जर्मन दुर्बीण आली ती माझ्या सांगण्याने नव्हे. शिवदासपंतांचे मुंबईचे व्याही आले होते. त्यांच्यासमोर पंतांनी स्वतः रायफल उचलली आणि चाळीस पावलांवरचे डुक्कर चुकवले. सैल स्क्रूंमुळे दुर्बिणीचा नेम हातभर सरकला होता. व्याही नुसते खाकरले. आठ दिवसांत नवी दुर्बीण घरात. माणसांसाठी नाही आली, खाकरण्यासाठी आली. हे मी वहीत लिहून ठेवले आहे.

पण काच काय होती! शंभर पावलांवरच्या नारळाच्या शेंडीचा धागा न् धागा दिसे. घळीतल्या करवंदीची पाने मोजता येत. आणि डाग नव्हता. मी ती जुनी नळी हातात घेऊन मोठ्याने शिव्या दिल्या. तीन महिने मी काचेच्या खोटीला घाबरलो होतो.

मग मी कडे जुळवायला बसलो. कड्यावरचे आकडे विलायती. ते माझ्या पावलांत आणायचे म्हणून वेगवेगळ्या अंतरांवर नारळ ठेवून खुणा करत गेलो. ते झाल्यावर घळीच्या बाजूला वळलो आणि कडे सावकाश फिरवले. पन्नास पावले, काही नाही. शंभर, काही नाही. दीडशे, काही नाही.

एकशे ऐंशीवर हवेत थोडे धुके जमल्यासारखे झाले. केसभर पुढे फिरवले आणि ते धुके एकदम घट्ट झाले.

माणसाची पाठ होती. अंगात राखी बंडी, डोक्याला काही नाही, हात खाली सोडलेले. कंबरेला कोयता अडकवायची आकडी होती, कोयता नव्हता. तो घळीच्या तोंडाशी, माझ्याकडे पाठ करून, डोंगराकडे बघत उभा होता.

मी डोके वर केले. सकाळचे दहा वाजले असतील. घळ मोकळी होती. ऊन पडले होते. पुन्हा डोळा लावला. तो होताच.

४

तेवीस दिवस मी मोजले. वहीतली नोंद अशी :

पहिला दिवस, एकशे ऐंशी पावले. चौथा, एकशे सत्तर. नववा, एकशे पन्नास. सोळावा, एकशे दहा. बाविसावा, शंभराच्या आत. पाठ तशीच. बाविसाव्या दिवशी डावा कान दिसला. त्यापूर्वी दिसत नव्हता.

तो चालताना मी कधी पाहिला नाही. मी बघत असताना तो हलत नसे. पाठमोरा माणूस माझ्याकडे येत होता आणि जरा जरा वळत होता.

डोळ्यांचा दोष असेल तर तो समुद्राकडेही दिसायला हवा. काचेचा असेल तर दोन वेगळ्या काचांत एकच दोष कसा? डोक्याचा दोष असेल तर मला माझ्या इतर नोंदींत चुका सापडायला हव्यात. मी चार वर्षांची बेरीज-वजाबाकी तपासली. एकही चूक नव्हती. याचाच मला जास्त राग आला.

मी सदाला बोलावले आणि काही न सांगता डोळा लावायला दिला.

"काय दिसतं?"

"करवंदी हायेत. पाखरू हाय एक." त्याने डोळा काढला आणि पुन्हा लावला. "धर्मादादा, ह्याच्यात घळ जरा जवळ वाटते. एवढंच. भुतं बघताव काय तुमी?"

"नाही."

"मग मला कशाला बलावलात?"

मला सांगता आले असते. पुढचा हाका थांबवा, निदान घळ बदला, असे म्हणता आले असते. पण काय सांगू? काचेत एक पाठ दिसते म्हणून पंतांची सुपारी डुकरांना द्या? सगळे गाव हसले असते. हसण्याला भिऊन मी गप्प बसलो. हे मी स्वतःवर लिहीत आहे, दुसऱ्या कुणावर नाही.

५

फाल्गुन शुद्ध पंचमीचा हाका. वारा समुद्राकडून, मंद. मी खडकाआड बसलो. वाडीमागच्या जागेपेक्षा इथून घळीचे तोंड जवळ, सत्तर पावलांवर, म्हणून कडे सत्तरवर. दुर्बिणीत काही नव्हते. मला बरे वाटले.

वरून डबे वाजू लागले. "हो पावण्या, हो!" अशा आरोळ्या झाडीतून खाली येत होत्या. मोडणाऱ्या काटक्यांचा आवाज आला आणि घळीतून एक मोठा सुळेवाला नर बाहेर पडला. मी डोळा लावला.

तो सत्तरवर उभा होता.

इतका स्वच्छ मी त्याला कधी पाहिला नव्हता. बंडीवर घामाचा पट्टा होता. मानेवर गवताचे कुसळ अडकले होते. डावा कान आणि गालाची कड. त्याच्या दोन पायांमधून मागे डुकराचे केस दिसत होते. फुली त्याच्या पाठीच्या बरोबर मध्यावर.

जुन्या काचेत हे सगळे एक राखी डाग असते. मी गोळी झाडली असती. डुक्कर पडले असते.

या काचेत तो माणूस होता. आणि त्याच वेळी घळीतून माझी नऊ माणसे खाली उतरत होती. त्यांच्यापैकीच कुणी रांग सोडून पुढे आला असेल असेच मला वाटले. बोट घोड्यावर थांबले.

मी ओरडलो, "पावण्या, आडवा पड! आडवा पड, पावण्या!"

नऊच्या नऊ माणसे आडवी पडली. प्रत्येकाला वाटले, मी त्यालाच सांगतो आहे. सदा तेव्हा घळीच्या कडेच्या खडकावर चढत होता. अजून दोन पावले आणि तो डुकराच्या आवाक्याबाहेर गेला असता. माझा आवाज ऐकून तो खाली उतरला आणि वाटेत पालथा पडला.

मी डोके वर केले. सत्तर पावलांवर कुणीही नव्हते. डुक्कर माझ्या ओरडण्याने बुजून वळले होते आणि सदावर होते. दोघे एकात एक झाले होते. गोळी झाडायला जागा नव्हती.

हाक्याचा म्होरक्या गुणाजी. त्याने कुऱ्हाडीने डुक्कर मारले. सदाची मांडी कंबरेपर्यंत फाटली होती. आम्ही पासोडीची झोळी करून बोर्लीच्या डॉक्टरकडे धावलो. वाटेत सदा एकदाच बोलला. "धर्मादादा, कुनाला बोल्लात तुमी?" बोर्लीची वेस दिसू लागली तेव्हा झोळी वाहणारा गुणाजी थांबला. त्याने झोळी खाली ठेवली आणि पासोडीचे टोक सदाच्या तोंडावर ओढले.

मी गुणाजीला विचारले, "घळीच्या तोंडाशी कोण उभं होतं?"

"कोनी न्हवता. मी मोजून नेले, मोजून आनले. नऊ."

६

शिवदासपंत तेराव्याला केसरच्या घरी येऊन गेले. अंगणातच उभे राहून म्हणाले, "एवढी चांगली काच घेऊन दिली, तुझ्याच हट्टाने. तरी माणूस आणि झाड ओळखता येईना?"

जास्त राग कुणाचा करू ते मला ठरवता येईना. त्यांचा, की त्यांचे बरोबर होते याचा.

केसर रडली नाही. ती माझ्या घरून वही घेऊन आली आणि माझ्यापुढे आपटली.

"ह्याच्यात वारा हाय, पावलां हायेत. कुठची गोळी किती बोटं चुकली ते हाय. आता ह्ये लिव. तू माज्या नवऱ्याचं नाव का न्हाय घेतलंस?"

"डोंगरात नाव घेत नाहीत, केसर."

"रीत मोठी, आनि मानूस बारका?"

"मला वाटलं दुसरा कोणी..."

"दुसरा कोन, दादा? गावात सगले जित्ते हायेत. माजाच तेवढा मेला."

काचेतल्या पाठीचे तिला मी सांगितले नाही. सांगितले असते तर तिच्या हाती काय पडले असते?

माजघराच्या दारापर्यंत जाऊन ती वळली. "पुढच्या हाक्याला सदाच्या जागी रघू जानार हाय." रघू सदाचा धाकटा भाऊ. "पंतानी निरोप धाडलाय, डुकरां थांबत न्हायेत म्हनून. रघूला तरी परत आन. न्हायतर ह्या घरात पाय ठेवू नको."

त्या दिवशी मी दोन्ही दुर्बिणी घोंगडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडची मला सगळे दाखवते. उजवीकडची काहीच धड दाखवत नाही. पंधरा वर्षे मी लोकांना सांगत आलो, हत्यार चांगले घ्या, चांगल्याने माणूस वाचतो. मी स्क्रू काढले, जर्मन दुर्बीण उतरवली आणि ती स्वस्त नळी रायफलीवर बसवली. आटे सैल होते म्हणून मेणाचा दोरा भरला. नारळावर तीन गोळ्या झाडून जुळवली. तीनही एका वाटीएवढ्या जागेत लागल्या.

डागातून मी गोळी झाडू शकतो. पाठीतून नाही.

७

फाल्गुन वद्य पंचमीचा हाका. मी खडकाआड बसलो. काचेत डाग होता, पण आता तांदळाच्या दाण्याएवढा नव्हता. अर्धी काच त्याने भरली होती. वरच्या अर्ध्या भागात घळ दिसत होती, तेवढी मला पुरे होती.

डबे वाजले. नर आला. त्याच्या मागे वीस पावलांवर रघू झाडीबाहेर पडला. मी फुली फऱ्यावर आणली. डाग फुलीवर चढला. डुक्कर दिसेनासे झाले. कुठे असेल ते मला ठाऊक होते. मी त्या राखी रंगाच्या मधोमध गोळी झाडली, आणि झाडताना मला सदाच्या मरणाचा राग होता, पंतांचा होता, आणि सगळ्यात जास्त त्या पाठीचा होता. लागू दे, असे मी मनात म्हणालो.

"पडला! पडला!" रघू ओरडला. सगळे खाली आले. गुणाजीने मोजले, नऊ. रघू डुकराच्या भोवती नाचत होता. "ह्येचा फरा वैनीला द्येयाचा, कोनी हात लावू नका!"

मी दुर्बिणीवरून डोके वर केले.

डाग तसाच होता.

मी रायफल खाली ठेवली. डोळे चोळले. एक डोळा मिटला, मग दुसरा. माणसे दिसत होती, डुक्कर दिसत होते, लांबचे सगळे स्वच्छ. मधे राखी, उभे, कडा नसलेले काहीतरी. मी समोर हात लांब केला. मनगट दिसले. बोटे दिसली नाहीत. बोटे त्याच्या मागे गेली होती.

"धर्माजी, हवेत काय चाचपतोस?" गुणाजीने विचारले.

"काही नाही. माशी होती."

हात मी ताबडतोब मागे घेतला. बोटांना काही लागले नव्हते. थोडे कोमट वाटले, तोंडाजवळ हात नेल्यावर वाटते तसे.

घरी येऊन मी शांतपणे विचार केला. हाताच्या अंतरावरचे मला स्वच्छ दिसत नाही, हे वर्षभर मला ठाऊक आहे. वही मी हात लांब करून लिहितो, अक्षरे मोठी काढतो. तेव्हा त्याला कडा नाहीत असे नाही. कडा असतील. माझ्या डोळ्यांना तेवढ्या जवळचे जमत नाही.

आता दुपारचे तीन वाजले आहेत. मी केसरच्या ओसरीवर आहे, ऊन आहे. केसर आत फरा शिजवते आहे. रघूचे हसणे ऐकू येते. तो परत आला, एवढे माझ्या हातून झाले. पानाच्या मधल्या ओळी मी अंदाजाने लिहितो आहे, त्या मला दिसत नाहीत.

मला भीती वाटायला हवी. ती वाटून संपली असावी. राग संपलेला नाही. ज्याच्यापायी मी सदाला वाटेत पालथे झोपवले, त्याला गालाची कड होती. म्हणजे तोंडही असणार.

उद्या बोर्लीच्या बाजारात जाऊन जवळचे दिसायची चाळशी घेणार आहे. दुकानदार दोन-तीन पुढे ठेवील, ही पण चालते, ती पण चालते म्हणेल. मी चांगल्यातली घेईन. तिथेच, दुकानात, सगळ्यांसमोर डोळ्यांवर चढवीन.